गाडी आधी ज्याची, नाव आधी त्याचं

वैशाली कापगतेचं नाव लिस्टमध्ये शेवटून दुसरं आलं, तेव्हा तिचे बाबा माझ्या टेबलासमोरच बसले होते. प्रिंटरमधून शेवटचं पान बाहेर आलं. त्यांनी ते उचललं, चष्मा लावून पाहिलं आणि परत ट्रेमध्ये ठेवून दिलं. माणूस चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"जेवणानंतरच आलं ना, ताई?"

"हो, काकाजी."

"मंग झालं," असं म्हणून ते खिडकीबाहेर हायवेकडे पाहत बसले.

हे कापगते काकाजी प्लांटमधून, म्हणजे भिलाईच्या स्टील प्लांटमधून, फिटर म्हणून रिटायर झालेले. आता जवळच उतईला घर बांधून राहतात. मी भिलाईतच, नेहरू नगरात एका कोचिंग क्लासच्या वर छोटं ऑफिस चालवते. शाळा, राइस मिल, पॅथॉलॉजी लॅब यांच्यासाठी डेटाबेसचं काम करते. डेटाबेस म्हणजे माहितीची टेबलं. त्यातल्या एका आडव्या ओळीला आम्ही रो म्हणतो. टेबलाला प्रश्न विचारायचा तर एसक्यूएल नावाच्या भाषेत विचारतात आणि त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. घरी सासूबाईंना मी एवढंच सांगितलंय की मी याद्या लावते. त्यांना ते काम वाटत नाही.

आमच्या समाजाचं मंडळ दरवर्षी भिलाईत वधू-वर परिचय मेळावा घेते. लग्नाची मुलंमुली एकेक करून स्टेजवर येतात, माईकवर नाव, शिक्षण, नोकरी, अपेक्षा सांगतात आणि खाली उतरतात. समोर बसलेले लोक पुस्तिकेत पेनानं खुणा करतात. कोण कधी स्टेजवर येणार, ती लिस्ट माझ्या क्वेरीतून निघते. घरचं कार्य म्हणून हे काम मी करते, त्यामुळे चुका काढायचा हक्क सगळ्यांना आहे.

आता जेवणाआधी आणि जेवणानंतर यात काय फरक, ते सांगते. मेळाव्याला निम्मी माणसं गोंदिया, भंडारा, बालाघाट, नागपूरकडून येतात. जेवण झालं की ती दुर्ग स्टेशनकडे निघतात. उरलेल्यांपैकी अर्ध्यांना झोप येते. आदल्या वर्षी वैशाली चारच्या सुमारास स्टेजवर गेली होती. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि मंडपवाल्यानं मागच्या ओळींतल्या खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात केली होती. पोरगी त्या आवाजात बोलून खाली आली. मी तिथेच कॉम्प्युटरवर बसले होते. मला तेव्हा लाज वाटली होती, पण लाजेचं काय करायचं ते कळलं नव्हतं.

या वर्षी तिनं बाबांना सांगून टाकलं होतं की हे शेवटचं. परत खुर्च्यांना माहिती द्यावी लागली तर यापुढे कुठेच फॉर्म भरणार नाही, स्थळ पाहणार नाही, तो विषय घरात काढायचा नाही. आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी आहे, असं काकाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता, तेच अवघड होतं.

"माझी पोट्टी मरून नाही राहिली लग्नासाठी," ते म्हणाले. "पण एकडाव कोणी नीट ऐकून तर घ्यावं ना जी. जेवणाआधी घेता नाही येत का तिले?"

मी नाही म्हणाले. एकीचं नाव हातानं वर घेतलं तर उद्या दहाजण चहाच्या वेळेला हजर होतील. नियम बदलला तर सगळ्यांसाठी बदलेल आणि नियम कमिटी बनवते, मी नाही. काकाजींनी मान डोलावली. जाताना मला म्हणाले, पंखा आवाज करून राहिला, बेअरिंग पाहून घ्या.

ती शेवटून दुसरी का आली, ते समजायला क्वेरीचा शेवट पाहावा लागतो. तिथे ऑर्डर बाय असं लिहितात. उत्तर कोणत्या क्रमानं लावायचं, ते त्यापुढे येतं. नुसतं नोकरी लिहिलं तर मशीन अक्षरांप्रमाणे लावते: आधी खाजगी, मग ठेका म्हणजे कंत्राटी, मग परमनंट, मग सरकारी. प्लांटची परमनंट नोकरी ठेक्याच्या खाली. हे आमच्या सेक्रेटरींना, म्हणजे फुंडे भाऊंना दाखवलं असतं तर त्यांनी पाणी मागितलं असतं. म्हणून तिथे केस नावाची अट घालतात. परमनंट असेल तर एक समज, सरकारी असेल तर दोन, खाजगी तीन, ठेका चार, आणि या आकड्यांप्रमाणे लाव. मशीनला मान-अपमान कळत नाही, तो आपण आकड्यात बसवून द्यायचा.

कमिटीच्या अटी तीन होत्या. पुनर्विवाहवाले शेवटी, नोकरी वरच्या क्रमानं आणि मग वय, लहान आधी. यात पहिली अट कोणती, याला फार महत्त्व असतं. शाळेत प्रार्थनेची रांग लावतात तसं. आधी वर्गाप्रमाणे, मग उंचीप्रमाणे. उंची फक्त आपल्या वर्गापुरती चालते. पाचवीतला पोरगा कितीही बुटका असला तरी तो चौथीच्या रांगेत शिरत नाही. वैशालीचा घटस्फोट झालेला. ती गोंदियाला एका हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, पण ते सगळं दुसऱ्या-तिसऱ्या अटीत. पहिल्याच अटीनं तिला उचलून शेवटच्या वर्गात बसवलेलं.

मेळाव्याआधी कमिटीची मीटिंग लांजेवार साहेबांच्या घरी झाली. साहेब मंडळाचे अध्यक्ष. प्लांटच्या ट्रॅफिक डिपार्टमेंटमधून रिटायर झाले, म्हणजे प्लांटच्या आतली जी रेल्वे असते तिच्या गाड्या सोडायचं काम. कमी बोलतात. फुंडे भाऊ प्लांटच्या अकाउंट्समध्ये आहेत आणि साहेबांच्या वाट्याचंही तेच बोलतात.

मी विचारलं, पुनर्विवाहवाले शेवटी कावून ठेवतो आपण? फुंडे भाऊ म्हणाले, पहिल्यापासून तसंच आहे. मी म्हटलं, पहिल्यापासून कावून? ते म्हणाले, लोक पहिल्या लग्नासाठी येतात ताई, सकाळी सकाळी घटस्फोटवाले स्टेजवर आणले तर कार्यक्रमाचं वातावरण खराब होते. मी म्हटलं, मग त्यांच्याकडून फॉर्म कशाला भरून घेता, वातावरण घरीच ठेवा. यावर सगळ्यांनी पोह्यांच्या प्लेटमध्ये पाहिलं. मला राग आला की माझा आवाज बारीक होतो, घरच्यांना ते माहीत आहे, कमिटीला त्या दिवशी कळलं. पण अट कोणी काढली नाही.

मग बाहेरगावच्या लोकांच्या तक्रारीचा विषय निघाला. दरवर्षी निघतो. लांबून येतो, आमच्या पोराचा नंबर येईपर्यंत गाडीची वेळ होते, पोरगा न बोलताच परत नेतो. लांजेवार साहेब एवढा वेळ ऐकत होते. म्हणाले, बाहेरगावचे सगळ्यात आधी घ्या, हा एक नंबरचा नियम.

मी प्लेट खाली ठेवली. "साहेब, एक नंबर म्हणजे पुनर्विवाहाच्या नियमाच्याही वर. मग बाहेरगावचा घटस्फोटवाला भिलाईच्या पहिल्या लग्नवाल्याच्या आधी येईल. सगळ्यांना कळलं ना? मागून मले बोलायचं नाही."

"त्याची गाडी त्याच्यासाठी थांबते का?" साहेब म्हणाले. "नाही ना? मंग आधी घ्या."

फुंडे भाऊ त्या वेळी केटरर्सशी फोनवर भांडत होते, पनीरवरून. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, काय ठरलं? मी सगळं परत सांगितलं, हळू आणि पूर्ण. ते मान हलवत हाव हाव म्हणाले आणि पनीरकडे वळले. माझ्याकडून यापेक्षा जास्त प्रामाणिकपणा होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी क्वेरी बदलली. पहिली अट: गाव भिलाई नसेल तर एक, असेल तर दोन. रन केली आणि लिस्ट पाहून कपाळाला हात लावला. सगळेच बाहेरगावचे निघाले. भिलाईत कोणी राहतच नव्हतं.

फॉर्मवर स्पष्ट छापलं होतं: सध्या राहत असलेलं गाव. त्याखाली प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये जन्मलेल्या, तिथेच शाळा, तिथेच नोकरी असलेल्या पोरांनी लिहिलं होतं साकोली, लाखांदूर, आमगाव, पवनी. ही आमच्या लोकांची खोड आहे. तीन पिढ्या इथे झाल्या, मराठी घरापुरती उरली, पोट्टे आपसात हिंदीत भांडतात, पण गाव म्हटलं की भंडारा-गोंदियाच. भिलाईत आम्ही नोकरीला आलेलो असतो, आजोबांपासून. मी काय वेगळी आहे? कोणी विचारलं तर माझ्याही तोंडून लाखनीच निघतं, जिथे मी फक्त लग्नाला जाते.

आणि या सगळ्या गडबडीत नुकसान कोणाचं, तर वैशालीचं. सगळेच पहिल्या वर्गात आल्यावर पहिली अट संपली. दुसरी अट पुनर्विवाहाची. त्यामुळे ती परत शेवटून दुसरी. या वेळी मला खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी कामाला लागते.

आधी पिनकोड लावून पाहिला. लोकांनी तोही साकोलीचा दिला होता. मग लांजेवार साहेबांना फोन केला आणि सांगितलं की आपला समाज रेकॉर्डवर सगळाच्या सगळा परगावी राहतो. ते हसले नाहीत. म्हणाले, "राहते कुठं ते नका विचारू, खोटं नाही बोलत पण खरंही नाही सांगत. परतीची गाडी विचारा. ज्याले गाडी पकडाची आहे, त्याले वेळ पाठ असते."

तसंच केलं. माझ्याकडे अकाउंट्स पाहणारी संगीता आणि मी, आम्ही फॉर्मवरच्या नंबरांवर फोन केले. एकच प्रश्न: मेळावा झाल्यावर परत जायची गाडी किती वाजताची? गोंदियावाल्यांनी तिकडून वेळ फेकून मारली. सेक्टरवाले म्हणाले, कोणती गाडी? कुठं जायचं? उतईवाले म्हणाले, आम्ही जीजाजीसोबत येऊ. इथून जवळच्या कुम्हारीच्या एका काकूंनी बस सांगितली, पण ती दर वीस मिनिटांनी आहे हेही स्वतःच सांगितलं. वैशालीला फोन मीच केला. मेळाव्याच्या दिवशी तिची संध्याकाळची ड्युटी होती, त्यामुळे ती दुपारच्या पहिल्या गाडीनं परत जाणार होती. तिनं विचारलं, कशासाठी पाहिजे? मी म्हटलं, लिस्ट लावायला. "लावा," ती म्हणाली. फार काही अपेक्षा नव्हती तिच्या आवाजात.

आता टेबलात एक नवीन कॉलम आला, परतीच्या गाडीची वेळ. ज्यांना गाडी नाही त्यांचा कॉलम रिकामा. डेटाबेसमध्ये या रिकामेपणाला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही. शून्य हे उत्तर आहे, नल म्हणजे उत्तरच नाही. आणि मी वापरते त्या डेटाबेसमध्ये वेळ लहानापासून मोठ्याकडे लावली की नल सगळ्यात आधी येऊन बसतात, फुकट पास घेऊन आल्यासारखे. म्हणजे नुसतं गाडीच्या वेळेप्रमाणे लाव म्हटलं असतं, तर ज्यांना कुठेच जायचं नाही ते सगळे पहिले आणि गाडीवाले त्यांच्या मागे. म्हणून आधी केस घालावी लागते: वेळ नल असेल तर एक, नसेल तर शून्य. शून्यवाले पुढे, एकवाले मागे. त्यानंतर वेळ. मग पुनर्विवाह, नोकरी, वय, कमिटीचं सगळं जसंच्या तसं. एक ओळ आहे. ती ओळ मी परत वाचली, कारण तिच्यावर एका पोरीचं शेवटचं स्टेज अवलंबून होतं.

रन केली. वैशाली कापगते तिसरी.

लिस्ट व्हॉट्सअॅपवर गेली आणि ऑफिस सुटल्यावर फुंडे भाऊ जिना चढून आले. हातात प्रिंट होती, तिसऱ्या नावाभोवती लाल गोल.

"ताई, हे तिसऱ्या नंबरवर काय करून राहिली?"

"गाडी पकडून राहिली," मी म्हटलं.

त्यांना ते आवडलं नाही. लोकाईले काय वाटन, मंडळाचं नाव काय राहील, असं बरंच झालं. मग खरं दुखणं बाहेर आलं. त्यांचा पुतण्या, प्लांटमध्ये परमनंट, दरवर्षी पहिल्या पाचात असणारा, राहणारा सेक्टरमधला. तो जेवणानंतर गेला होता. त्यालाही त्या दिवशी रायपूरला जायचंय, असं भाऊंना तिथेच माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं. ते म्हणाले, एवढं एक नाव तुम्ही वर घेऊ शकत नाही का, कॉम्प्युटर तुमचा आहे. मी म्हटलं, घेऊ शकते. केसमध्ये लिहायचं, नाव अमुक असेल तर शून्याच्याही आधी. एक मिनिटाचं काम. पण ही अट कमिटीची म्हणून जाईल आणि कोणी विचारलं तर मी मोठ्यानं वाचून दाखवीन. मग लांजेवार साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. रायपूरसाठी दिवसभर गाड्या आहेत, एवढं सांगितलं. मग म्हणाले, "फुंडे, मी यार्डात आयुष्य घातलं. सुटाची वेळ पाहूनच लाइन द्यायचो. डब्यात कोण बसलं आहे, ते नाही पाहिलं कधी."

फुंडे भाऊंनी प्रिंट घडी करून खिशात ठेवली. चहा न पिता गेले. राग कळायला आमच्याकडे एवढं पुरेसं असतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी हॉल गच्च होता. लोकांचे डोळे उघडे होते आणि पुस्तिका कोऱ्या होत्या. तिसरं नाव पुकारलं तेव्हा पहिल्या ओळीतल्या एक-दोन बायकांनी पान उलटून पाहिलं, पुनर्विवाह वाचलं आणि एकमेकींकडे पाहिलं. वैशाली सरळ माईकपाशी गेली. तिनं समोर शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं. एवढी माणसं तिला अपेक्षित नसावीत.

"मी वैशाली कापगते," ती म्हणाली. "गोंदियाला लॅब टेक्निशियन आहे. माझं एक लग्न झालं होतं, ते मोडलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि घोळवत बसण्यासारखंही नाही. माझी ड्युटी कधी सकाळची असते, कधी रात्रीची. घरी येऊन मले गरम जेवण पाहिजे, असं मलेही वाटते. ज्याले कुकर लावता येते, त्यानं विचार करावा. नमस्कार."

आधी बायका हसल्या, मग हॉल हसला, मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. कापगते काकाजी भिंतीपाशी उभे होते, ते रडायला लागले. लपवलंही नाही त्यांनी. मीपण रडले असते, पण मला पुढचं नाव स्क्रीनवर लावायचं होतं.

त्यानंतर ती आपल्या खुर्चीपर्यंत पोचलीच नाही. एक काकू गाठून बसल्या, मग एक मामा, मग बालाघाटचं एक अख्खं कुटुंब. जेवणाच्या रांगेतही तिच्या पुढे-मागे माणसं बोलत होती. ती मनगटावरचं घड्याळ पाहत होती आणि उत्तरं देत होती. काकाजी ऑटो घेऊन बाहेर थांबले होते.

ज्या गाडीमुळे ती तिसरी आली होती, ती गाडी तिची चुकली.

तिनं फोन करून मैत्रिणीशी ड्युटी बदलून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. त्याच गाडीनं तुमसरचे एक भाऊबहीण परत चालले होते. बहीण आमच्या लिस्टमध्ये होती. भाऊ तिला सोबत म्हणून आला होता, सकाळपासून मागे बसून सगळं ऐकत होता आणि कोणाशी काही बोलला नव्हता. गोंदियापर्यंत मात्र बोलला, असं नंतर कळलं.

काही महिन्यांनी कापगते काकाजी पत्रिका घेऊन आले. मुलगा तोच, तुमसरचा. माझा पंखा अजून आवाज करत होता, त्यावर ते काही बोलले नाहीत, एवढे खुश होते. वैशाली कशी आहे विचारलं तर म्हणाले, मजेत आहे, होणाऱ्या जावयाला कुकर लावायला शिकवून राहिली.

फुंडे भाऊंना बातमी कळली तसा त्यांचा फोन आला. वार्षिक अहवालात जुळलेल्या लग्नांचा तक्ता असतो, त्यात हे लग्न पहिल्या ओळीत घ्यायचं होतं, मेळाव्याचं यश म्हणून. मुलाचा फॉर्म नंबर काय, लवकर सांगा, छापायला द्यायचं आहे. मी टेबलात शोधलं. आडनावानं शोधलं, गावानं शोधलं, मोबाइल नंबरानं शोधलं. त्याची रो नव्हतीच.

"असं कसं नाही?" भाऊ म्हणाले. "मंग तिचं लग्न जुळलं कोणाशी?"

केस लिहिताना सगळ्या अटी संपल्यावर शेवटी एल्स लिहायचं असतं. एल्स म्हणजे यातलं काहीच नसेल तर. बरेच जण ते लिहीत नाहीत, कारण आपण सगळ्या शक्यता मोजल्यात असं त्यांना वाटतं. मी लिहिते. अहवालाच्या तक्त्यात आता 'इतर' नावाची एक ओळ आहे आणि त्या वर्षी जुळलेलं एकुलतं एक लग्न त्याच ओळीत आहे.